हृदय व छातीच्या शस्त्रक्रियांतील भूलशास्त्र : तीन वर्षे द्यावीत की एक, आणि नाशिकला परतून त्याचे काय करावे?

प्रश्न असा आहे : "मी भूलशास्त्रात एम.डी. केले असून नाशिकमध्ये सीनियर रेसिडेंट म्हणून काम करते. माझे माहेर कळवणचे, सासर सिन्नरचे, मुलगी दोन वर्षांची आहे. मला हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांच्या भुलेचे पुढचे शिक्षण घ्यायचे आहे. तीन वर्षांचे डी.एम. (एम.डी.नंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) करावे, की एक वर्षाची फेलोशिप पुरेशी होईल? संस्था कशी निवडावी? आणि एवढे शिकून नाशिकला परत आल्यावर त्याचा उपयोग होईल का?"

तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, तरी पहिल्याचे उत्तर आधी सरळ देते. जागा मिळत असेल आणि घरची घडी बसवता येत असेल, तर तीन वर्षांचे प्रशिक्षण घ्या. नावापुढे लागणाऱ्या अक्षरांसाठी मी हे सांगत नाही. हृदय उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत रुग्णाला हृदय-फुफ्फुस यंत्रावरून, म्हणजे आपण ओ.टी.मध्ये ज्याला नुसते पंप म्हणतो त्यावरून, उतरवण्याचा निर्णय ज्या प्रशिक्षणात हळूहळू तुमच्या हातात दिला जातो, तेच खरे प्रशिक्षण होय. आणि तो निर्णय हातात येण्यासाठी एक वर्ष बहुतेकांना अपुरे पडते. मला पडले होते. मी आधी एक वर्षाची फेलोशिप केली, नाशिकला येऊन दोन वर्षे काम केले, आणि आपल्याला काय येत नाही हे नीट कळल्यावर पुन्हा तीन वर्षांसाठी बाहेर गेले. त्यामुळे दोन्ही वाटा मी चाललेल्या आहेत, आणि पुढचे सगळे त्या अनुभवातून लिहीत आहे.

अभ्यासक्रमांची रचना थोडक्यात सांगते, कारण ती माहिती तुम्हाला सहज मिळेल. भूलशास्त्रातील एम.डी. किंवा तिच्या तोडीच्या डी.एन.बी.नंतर हृदय-भूलशास्त्राचे डी.एम. तीन वर्षांचे असते आणि त्याच्या तोडीचे डॉ.एन.बी.ही तीन वर्षांचेच असते. या जागांसाठी राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळाची नीट-एस.एस. परीक्षा द्यावी लागते. दिल्लीचे एम्स, चंदीगडचे पी.जी.आय. अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी आय.एन.आय.-एस.एस. ही वेगळी परीक्षा आहे, आणि तिच्यात लेखी परीक्षेनंतर विभागाकडूनही उमेदवाराची चाचणी घेतली जाते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत या विषयाची जुनी आणि शिस्तीची परंपरा आहे. फेलोशिप अनेक प्रकारच्या असतात. काही हृदय-भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या असतात, काही विद्यापीठांच्या, तर काही केवळ एखाद्या रुग्णालयाने आपल्या गरजेसाठी दिलेल्या असतात. १९९८ मध्ये स्थापन झालेले आपले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर आहे. एखादी फेलोशिप विद्यापीठाची मान्यताप्राप्त आहे असे कोणी सांगितले, तर तिथे जाऊन चौकशी करणे तुम्हाला एका दुपारचे काम आहे आणि ते अवश्य करा. पुढे सुपरस्पेशालिटी विभागात अध्यापक होण्याची इच्छा असेल, तर डी.एम. किंवा डॉ.एन.बी. लागेलच. शासकीय जागेबरोबर सेवेचे बंधपत्र येते; ते सही करण्याआधी वाचा, नंतर नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. एम.डी.मध्ये आपण रुग्णाच्या हृदयाला धक्का लागू न देता भूल द्यायला शिकतो. इथे ज्याला धक्का लागू द्यायचा नाही, त्याच हृदयावर शस्त्रक्रिया होणार असते, ते थांबवले जाणार असते आणि पुन्हा चालू केले जाणार असते. त्यामुळे आधी शिकलेले पुष्कळसे ज्ञान तेच राहते, पण त्याची दिशा बदलते. मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, आकुंचन पावलेल्या रुग्णाचे ठोके वाढू द्यायचे नाहीत, कारण डाव्या कर्णिकेतले (वरच्या कप्प्यातले) रक्त अरुंद झडपेतून खाली उतरायला वेळ लागतो. महाधमनीची झडप गळत असेल तर उलट ठोके थोडे जलद हवेत, म्हणजे रक्त मागे फिरायला वेळ मिळत नाही. हे सूत्र तुम्हाला पाठ आहे. पण एकाच रुग्णात दोन्ही दोष असतात, आणि संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या आपल्याकडच्या रुग्णांत ते पुष्कळदा असतात, तेव्हा पाठांतर संपते. कोणता दोष आज, या क्षणी, या हृदयाला जास्त जाचतो आहे हे ओळखावे लागते, आणि ते शंभर-दीडशे रुग्णांची भूल स्वतः दिल्याशिवाय येत नाही, असे माझे मत आहे.

पंपावर जाण्याआधी हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, द्यायचे, साधारण एका किलो वजनाला ३०० ते ४०० युनिट. मग रक्त गोठण्याचा काळ, म्हणजे ए.सी.टी., बहुतेक ठिकाणी ४८० सेकंदांच्या वर गेल्याची खात्री करायची. महाधमनीत नळी घालताना सिस्टोलिक दाब ९० ते १०० च्या आसपास उतरवायचा, नाहीतर धमनीची भिंत फाटण्याचा धोका असतो. हा सगळा भाग नियमांचा आहे. तो पहिल्या तीन महिन्यांत शिकून होतो, आणि एक वर्षाची फेलोशिप करणाऱ्यालाही तो उत्तम येतो. दोन प्रशिक्षणांतला फरक शस्त्रक्रियेच्या शेवटी दिसतो.

शल्यविशारदांचे काम संपले आहे, महाधमनीवरचा चिमटा (क्लॅम्प) काढला आहे, हृदय धडधडू लागले आहे, रुग्णाचे तापमान ३६-३७ अंशांवर आले आहे. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे तीन माणसांची असतात : सर्जन, पंप चालवणारा परफ्युजनिस्ट आणि तुम्ही. परफ्युजनिस्ट हळूहळू रक्त हृदयात भरतो आणि पंपाचा प्रवाह कमी करत आणतो. त्या वेळी तुम्हाला पोटॅशियम, हिमोग्लोबिन, ठोक्यांची लय, दोन्ही फुफ्फुसे फुगतात की नाही, हृदयात अडकलेली हवा निघाली की नाही, उजवा कप्पा ताणला जातो आहे का, असे सगळे एका नजरेत धरायचे असते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे "अजून नाही, थोडे थांबा" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे याची जाणीव ठेवायची असते. पंपावर परत जाण्यात कमीपणा नाही. थकलेल्या हृदयाला आणखी पंधरा मिनिटे विश्रांती दिल्याने जे साधते, ते औषधांचे तीन ड्रिप लावून साधत नाही. फेलोशिपमध्ये हा निर्णय मी शंभरदा पाहिला होता. मला तो एकदाही घ्यावा लागला नव्हता, कारण माझे वरिष्ठ शेजारीच उभे असत आणि बोलत तेच असत. नाशिकला आल्यावर पहिल्या काही रुग्णांच्या वेळी सर्जननी माझ्याकडे पाहिले आणि मी मॉनिटरकडे. त्या क्षणी मला कळले की पाहणे आणि करणे यांत किती अंतर आहे.

एक प्रसंग सांगते, कारण संपूर्ण विषयाचे मर्म त्यात आहे. मायट्रल झडपेची दुरुस्ती झालेली एक पन्नाशीची बाई होती. पंपावरून उतरवताच दाब ७० वर आला. हात आपोआप ॲड्रिनालीनकडे गेला. मी मात्रा वाढवली आणि दाब आणखी पडला. पुन्हा वाढवली, पुन्हा पडला. मग मला शिकवलेली साधी गोष्ट आठवली, की औषधाने उलट परिणाम दिसला तर औषध वाढवू नये, हृदय पाहावे. अन्ननलिकेतल्या इकोत स्पष्ट दिसले की दुरुस्त केलेल्या झडपेचे पुढचे पान प्रत्येक ठोक्यासरशी महाधमनीकडे जाण्याच्या वाटेत ओढले जात होते आणि डाव्या जवनिकेचा (खालच्या कप्प्याचा) दरवाजाच बंद करत होते. हृदय कमकुवत नव्हते. ते रिकामे होते आणि गरजेपेक्षा जोराने आकुंचन पावत होते, आणि ॲड्रिनालीनने मी तोच जोर वाढवत होते. ॲड्रिनालीन बंद केले, रक्त भरले, रक्तवाहिन्या आवळणारे फेनिलेफ्रिन दिले, ठोके सावकाश केले, आणि चार-पाच मिनिटांत दाब ११० झाला. पान पुन्हा ओढले जात नाही हे इकोवर दहा मिनिटे पाहत राहिलो, मगच सर्जननी छाती बंद करायला घेतली. मॉनिटरवर दिसणारा ७० हा आकडा हृदय थकल्यावरही तोच असतो आणि ते रिकामे असल्यावरही तोच असतो, पण त्यांचे उपचार एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. हा फरक ओळखता यावा यासाठीच हे प्रशिक्षण आहे.

म्हणून अन्ननलिकेतून केल्या जाणाऱ्या इकोकडे, म्हणजे टी.ई.ई.कडे, पहिल्या महिन्यापासून लक्ष द्या. अमेरिकेतील इकोतज्ज्ञांच्या आणि हृदय-भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी १९९९ मध्ये संयुक्तपणे वीस दृश्यांची पद्धत ठरवून दिली आणि २०१३ मध्ये ती अठ्ठावीस दृश्यांपर्यंत वाढवली. जगभर शिकवताना आजही हीच चौकट वापरली जाते. ती दृश्ये पाठ करणे सोपे आहे. हलत्या, चरबीने झाकलेल्या, कॉटरीने (विजेच्या चाकूने) चित्र फाटत असलेल्या पडद्यावर तीच दृश्ये दोन मिनिटांत काढून सर्जनना एका वाक्यात उत्तर देणे अवघड आहे. प्रत्येक अभ्यासाची नोंद ठेवा, चित्रफीत जतन करा, आणि आठवड्यातून एकदा हृदयरोगतज्ज्ञांबरोबर बसून तुमचे वाचन तपासून घ्या. ज्या संस्थेत इकोची नळी, म्हणजे प्रोब, फक्त कन्सल्टंटच्या हातात असतो आणि रेसिडेंट केवळ औषधे भरत असतो, ती संस्था कितीही नामांकित असली तरी तुमच्यासाठी योग्य नाही. आणि प्रोब हातात आला म्हणून बेफिकीर होऊ नका : गिळताना अडकते का, अन्ननलिकेची जुनी शस्त्रक्रिया आहे का, यकृताच्या आजाराने शिरा फुगल्या आहेत का, हे विचारल्याशिवाय तो घालू नये. हे प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो.

आता छातीविषयी. तुम्ही प्रश्नात "हृदय आणि छाती" असे लिहिले आहे, पण बहुतेक उमेदवारांचे पहिल्या शब्दावरच लक्ष असते आणि दुसरा मागे राहतो. माझ्या मते नाशिकमध्ये काम करणाऱ्याला छातीच्या शस्त्रक्रियांची भूल हृदयाइतकीच, कदाचित थोडी अधिकच, लागते. क्षयरोगाने पोखरलेली फुफ्फुसे, छातीत साचून घट्ट झालेला पू, जुन्या पोकळीत वाढलेला बुरशीचा गोळा आणि त्यातून होणारा रक्तस्राव, मेंढपाळ कुटुंबांतील रुग्णांमध्ये दिसणारे हायडॅटिड सिस्ट (परजीवी कृमीमुळे होणाऱ्या पाण्याच्या गाठी), असे रुग्ण मालेगाव, धुळे, नंदुरबार, येवला अशा सगळ्या दिशांनी इथे येतात. त्यांच्यासाठी एक फुफ्फुस थांबवून दुसऱ्यावर श्वास चालवावा लागतो. एरिक कार्लेन्स यांनी १९४९ मध्ये दोन्ही फुफ्फुसांना वेगवेगळा मार्ग देणारी दुहेरी नळी तयार केली ती मुळात दोन्ही फुफ्फुसांचे काम वेगवेगळे मोजण्यासाठी. ती छातीच्या शस्त्रक्रियेत आली ती क्षयाच्याच काळात, कारण आजारी फुफ्फुसातला पू आणि रक्त चांगल्या फुफ्फुसात जाऊ नये ही सर्वांत मोठी गरज होती. आज आपण वापरतो ती रॉबर्टशॉ यांच्या १९६२ च्या आकाराची पुढची आवृत्ती आहे, आणि आपल्या रुग्णांसाठी तिचा पहिला उपयोग आजही तोच आहे.

या नळीबाबत दोन गोष्टी पक्क्या करा. उजव्या मुख्य श्वासनलिकेची वरच्या खंडाची शाखा दीड-दोन सेंटिमीटरवरच फुटते, म्हणून उजवी नळी थोडी जरी सरकली तरी वरचा खंड बंद होतो. शक्य तिथे डावी नळी घाला. दुसरे म्हणजे खोली. १७० सेंटिमीटर उंचीला साधारण २९ सेंटिमीटर, आणि दर दहा सेंटिमीटर उंचीमागे एक सेंटिमीटर कमी-जास्त, हा अंदाज आहे. पण आपल्याकडच्या दीडशे सेंटिमीटर उंचीच्या, चाळीस किलो वजनाच्या क्षयग्रस्त बाईला पुस्तकातली ३७ क्रमांकाची नळी घालण्याचा हट्ट करू नका, ३५ किंवा ३२ ठेवा आणि ब्राँकोस्कोपने जागा पाहा. कुशीवर वळवल्यावर पुन्हा पाहा. केवळ स्टेथोस्कोपवर विसंबून राहणारे प्रशिक्षण मला मान्य नाही. एका फुफ्फुसावर श्वास चालवताना एका किलोला ४ ते ६ मिलिलिटरच्या पुढे जाऊ नका. ऑक्सिजन पडू लागला तर आधी ऑक्सिजन १०० टक्के करा, नळीची जागा पाहा, खालचे फुफ्फुस फुगवून दाब द्या, वरच्या फुफ्फुसाला थोडा सतत दाबाचा ऑक्सिजन द्या, आणि तरीही भागले नाही तर सर्जनना थांबवून दोन्ही फुफ्फुसे फुगवा. हा क्रम इतका मुरलेला हवा की झोपेतून उठवले तरी सांगता आला पाहिजे. हायडॅटिड सिस्ट काढताना ती फुटली तर अचानक ॲलर्जीचा तीव्र झटका येऊ शकतो. ॲड्रिनालीन हाताशी भरून ठेवल्याशिवाय मी अशा रुग्णाला भूल देत नाही. छातीच्या चिरेच्या वेदनेसाठी एपिड्युरल, पॅराव्हर्टिब्रल आणि अलीकडचा इरेक्टर स्पायनी ब्लॉक हे मज्जातंतू बधिर करण्याचे तिन्ही प्रकार हातात आले पाहिजेत, कारण वेदनेमुळे खोकता न येणाऱ्या रुग्णाच्या छातीत तिसऱ्या दिवशी पुन्हा कफ साचतो आणि चांगली झालेली शस्त्रक्रिया वाया जाते.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट, जी मोठ्या शहरातील संस्थेत तुम्हाला फारशी शिकायला मिळणार नाही. सुरगाणा-पेठपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि याच भागातून झडपेचे व जन्मजात हृदयदोषाचे रुग्ण येतात. पंपावर थंड करणे, रक्ताभिसरण मंदावणे, रक्तातील आम्ल वाढणे, ऑक्सिजन घटणे, या प्रत्येक गोष्टीने सिकलच्या पेशी आकार बदलून रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. या भागातून आलेल्या प्रत्येक रुग्णाची सिकलसाठीची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी आणि ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. ही खात्रीची चाचणी शस्त्रक्रियेच्या आधी झालीच पाहिजे. केवळ वाहक असेल, तर तापमान आणि ऑक्सिजन जपून सहसा निभावते. आजार असेल, तर रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिनचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या खाली आणायचे, तापमान शक्य तितके सामान्य ठेवायचे, आणि हृदय थांबवण्यासाठी थंड कार्डिओप्लेजियाऐवजी कोमट द्रव वापरता येईल का, हे सर्जन आणि परफ्युजनिस्ट यांच्याशी आदल्या दिवशी बसून ठरवायचे. एकदा ही चाचणी राहून गेल्याचे टेबलवर लक्षात आले आणि आम्ही शस्त्रक्रिया पुढे ढकलली. पेठ तालुक्यातून दोन गाड्या बदलून आलेल्या त्या मुलाच्या वडिलांना ते समजावून सांगणे मला फार जड गेले, पण पुढे गेलो असतो तर काय झाले असते, याचा विचारही नकोसा वाटतो.

लहान मुलांच्या हृदयाबद्दल थोडेच लिहिते, कारण तो स्वतंत्र विषय आहे. टेट्रॉलॉजी हा जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलाला अचानक निळसरपणा वाढण्याचा झटका आला तर गुडघे छातीशी, द्रव, फेनिलेफ्रिन, बीटा ब्लॉकर हे तुम्हाला कळलेच पाहिजे, पण एक वर्षात कोणीही लहान मुलांचा हृदय-भूलतज्ज्ञ होत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शाळा-अंगणवाड्यांत सापडलेली मुले शस्त्रक्रियेला येतात, तेव्हा स्वतःची मर्यादा ओळखून ज्या केंद्रात हे काम रोज होते तिथे त्यांना पाठवण्यातच शहाणपण असते.

संस्था निवडताना भिंतींवरच्या पाट्यांपेक्षा तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटशी बोला. त्यांना विचारा की गेल्या महिन्यात किती रुग्णांना त्यांनी स्वतः पंपावरून उतरवले, किती वेळा टी.ई.ई. स्वतः वाचला, आणि वाचन चुकले तेव्हा कोणी समजावून सांगितले का. पंप न वापरता, धडधडत्या हृदयावर केलेली बायपास भारतात पुष्कळ होते. सर्जन हृदय उचलून मागच्या धमनीवर टाका घालतात, तेव्हा दाब सांभाळण्याचे कौशल्य पंपावरच्या कामापेक्षा वेगळे आहे, म्हणून दोन्ही होते का ते पाहा. छातीच्या शस्त्रक्रियांचे रोटेशन, म्हणजे त्या विभागातले काम, किती आठवड्यांचे आहे ते विचारा. "मधूनमधून होतात" असे उत्तर आले तर सावध व्हा. आय.सी.यू.ची जबाबदारी भूल विभागाकडे आहे का, हेही महत्त्वाचे आहे. रात्री अडीच वाजता ड्रेनमध्ये एका तासात तीनशे मिलिलिटर रक्त आले, तर ते हेपारिन उरल्याने आले, प्लेटलेट काम करत नसल्याने आले, की टाका सुटल्याने, हे ज्याला कधी ठरवावे लागले नाही त्याचे प्रशिक्षण अर्धेच राहते. हेपारिनच्या प्रत्येक शंभर युनिटमागे साधारण एक मिलिग्रॅम प्रोटामीन, म्हणजे हेपारिनचा उतारा, हे सूत्र सगळ्यांना येते. ते दहा मिनिटांत सावकाश द्यायचे, आणि देताना फुफ्फुसातला दाब चढून उजवे हृदय फुगू लागले तर तत्काळ थांबायचे, हे संयमाचे शिक्षण तिथे मिळते.

अमेरिकेत वा युरोपात जाऊन शिकावे का, असे अनेक जण विचारतात. तिकडचे एक वर्षाचे प्रशिक्षण आखीव आहे, आणि अमेरिकेतील भूलतज्ज्ञ मंडळाने प्रौढांच्या हृदय-भूलशास्त्रासाठी २०२३ पासून स्वतंत्र परीक्षाही सुरू केली आहे. पण तिकडे एक वर्ष पुरते, कारण त्याआधीच्या रेसिडेन्सीतच हृदयाच्या शस्त्रक्रियांचे ठरावीक काम झालेले असते. आपल्या एम.डी.मध्ये ते संस्थेनुसार कुठे दोन महिने असते, कुठे फक्त पाहण्यापुरते. त्यामुळे तिकडच्या एका वर्षाशी आपल्या फेलोशिपच्या एका वर्षाची तुलना करू नका. तुमच्या एम.डी.च्या संस्थेत हृदयाचे भरपूर काम झाले असेल, तर मात्र एका चांगल्या वर्षाचे वजन वाढते. हा निर्णय तुमची जुनी नोंदवही उघडून घ्यावा.

मुलगी दोन वर्षांची आहे, हे तुम्ही मुद्दाम लिहिले आहे, आणि तो प्रश्न मी टाळणार नाही. पहिले वर्ष फार कठीण जाईल. सकाळी सहाला रुग्णाच्या शिरा-धमन्यांत नळ्या (लाइन) टाकायला जावे लागते, आणि शस्त्रक्रिया कधी संपेल याचा भरवसा नसतो. माझा मुलगा त्या वेळी साडेतीन वर्षांचा होता आणि माझ्या सासूबाई माझ्याबरोबर येऊन तीन वर्षे परक्या गावात राहिल्या. त्यांच्याशिवाय हे शक्य झाले नसते, हे मी आजही सर्वांसमोर सांगते. तुमच्या घरी असे कोण उभे राहू शकते, हे आधी मोकळेपणाने बोला, आणि "बघू, होईल काहीतरी" या आशेवर जागा स्वीकारू नका. कोणीच उभे राहू शकत नसेल, तर दोन वर्षे थांबून जाण्यात काही चूक नाही. त्या काळात आय.सी.यू. आणि छातीवरचा साधा इको शिकत राहा.

नाशिकला परतल्यावर काय, हा शेवटचा प्रश्न. शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात आणि शहरातील खासगी केंद्रांत हृदयशस्त्रक्रिया होतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे पूर्वी मुंबईला जाण्याचे धाडस न करणारे रुग्ण आता इथे येतात. काम आहे. पण इथले काम मुंबईसारखे नसते. तिथे अडचण आली तर बाजूच्या ओ.टी.तून आणखी दोन तज्ज्ञ येतात, एक्मो (हृदय-फुफ्फुसांना दीर्घकाळ आधार देणारे यंत्र) चालू करणारी टीम त्याच इमारतीत असते. इथे रात्री तुम्ही एकट्या असता, आणि कसाऱ्याचा घाट उतरून रुग्णाला मुंबईला न्यायचे म्हटले तरी ते तीन-साडेतीन तास तुमच्या हातातल्या औषधांच्या पंपांवर आणि व्हेंटिलेटरवर काढायचे असतात. म्हणूनच मी तीन वर्षांचा आग्रह धरते.

आणि उपयोग केवळ हृदयाच्या ओ.टी.तच नसतो. तालुक्याच्या एखाद्या रुग्णालयातून रात्री फोन येतो, की मायट्रल झडप आकुंचन पावलेली गर्भवती बाई सिझेरियनसाठी टेबलवर आहे, श्वास लागतो आहे, काय करू? तिथल्या भूलतज्ज्ञाला फोनवर सांगावे लागते की द्रव हात राखून द्या, ठोके वाढू देऊ नका, गर्भाशय आकुंचन पाववणारे ऑक्सिटोसिन एकदम न देता सावकाश ड्रिपमधून द्या, आणि बाळ बाहेर आल्यावर गर्भाशयातले रक्त एकदम परत येते त्या क्षणी फुफ्फुसात पाणी भरू शकते, तेव्हा तयार राहा. असे फोन मला वर्षातून बरेचदा येतात. कळवणची मुलगी हे शिकून परत आली, तर त्यातले काही फोन तुमच्याकडे येतील, आणि तुम्हाला त्या बाईच्या गावचा रस्ता आणि तिची बोली दोन्ही माहीत असतील.

पुढील परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी एक करा. एखाद्या हृदय-शस्त्रक्रिया केंद्रात परवानगी घेऊन सलग पाच दिवस सकाळी सहापासून शेवटचा रुग्ण आय.सी.यू.त स्थिर होईपर्यंत थांबा. एक दिवस छातीच्या शस्त्रक्रियेचा निवडा. त्या पाच दिवसांत तुमची एम.डी.ची नोंदवही बरोबर ठेवा आणि जे दिसले पण समजले नाही ते रोज रात्री तिच्यात मागच्या पानांवर लिहा. ती पाने घेऊन माझ्याकडे या. मुलाखतीच्या आधी आपण त्यांवर एक संध्याकाळ बसू.